हॉर्नबीचा पत्ता

आमच्या अकाउंटंटने परवा माझ्यासमोर एक कागद ठेवला आणि म्हणाला, "यावर तू लिहायला हवंस." कागदावर एक सूचना होती. सैन्यातल्या माणसाच्या बायकोला किंवा नवऱ्याला जो मालक नोकरी देईल, त्याला सरकारने करात सवलत द्यावी, अशी. दुसरीकडच्या कुठल्या कुठल्या देशांत यावर बरंच बोलणं होतं म्हणे. इथे तसं काही नाही, म्हणून आमच्याकडचे काही छोटे दुकानदार मिळून अर्ज करणार होते. ऑकलंडमधल्या अवोन्डेलच्या एका फार्मसीत आता माझी निम्मी भागीदारी आहे, म्हणजे मी मालक झाले. आणि माझा नवरा आठ वर्षं न्यूझीलंडच्या सैन्यात होता, म्हणजे मी ती बायकोही. "दोन्ही बाजू पाहिलेली तूच एक आहेस," तो म्हणाला. "एक पान पुरे."

एक पान लिहायला बसले तर हॉर्नबी आठवलं. मग पानाचं काही खरं राहिलं नाही.

आम्ही पुण्याहून आलो तेव्हा इतरांसारखेच आलो होतो. ऑकलंडच्या फ्लॅट बुशमध्ये नवं घर, रोज सकाळी मोटरवेवरची रांग, शनिवारी कुणाकडे तरी पावभाजी. नवरा मेकॅनिकल इंजिनिअर. नागरिकत्व मिळालं आणि एके दिवशी या गृहस्थाने जेवता जेवता सांगितलं की त्याने सैन्यात अर्ज केलाय, गाड्यांच्या देखभालीच्या विभागात. मी हसले. तो हसला नाही. पुण्याला फोन केला तेव्हा सासूबाईंनी आधी जेवणाखाणाची चौकशी केली. मग म्हणाल्या, "सैन्यातच जायचं होतं तर इथे खडकवासला जवळ होतं की रे."

मला त्याचा राग आला होता आणि अभिमानही वाटत होता. पण माझं स्वतःचं एक गाडं अडलेलं होतं. पुण्यात मी सात वर्षं कर्वे रोडवर मेडिकलच्या दुकानात फार्मासिस्ट होते. इथे त्या डिग्रीवर लगेच काम करता येत नाही. परीक्षा द्यावी लागते आणि मग इथल्या फार्मासिस्टच्या देखरेखीखाली सलग एक वर्ष काम करावं लागतं. परीक्षा मी पास झाले. ऑकलंडमध्ये देखरेखीची जागाही मिळाली. सातव्या महिन्यात नवऱ्याची बदली दक्षिणेला, क्राइस्टचर्चबाहेरच्या कॅम्पात झाली. माझे सात महिने पाण्यात गेले. आता पहिल्यापासून सुरुवात, तीही कुणी घेतलं तर.

कॅम्पातलं घर मात्र मला फार आवडलं होतं, हे कबूल करायला हवं. बसकं, लाकडी, सगळ्या घरांसारखंच एक घर. जुलैत, म्हणजे इथल्या ऐन हिवाळ्यात, अंगणातलं गवत दहिवराने पांढरं व्हायचं आणि त्यावरून चाललं की कुरकुर वाजायचं. उन्हाळ्यात नॉर्थवेस्टर, तो गरम कोरडा वारा, सुटला की कपडे अर्ध्या तासात पापडासारखे कडक. लांब डोंगरांवर बर्फ. माझी सहा वर्षांची मुलगी जॅन्डल्स, म्हणजे इथल्या रबरी चपला, घालून गल्लीभर सायकल फिरवायची आणि मी मराठीत मारलेल्या हाकेला "कमिंग, आई!" असं उत्तर द्यायची. आजही डोळे मिटले की ती गल्ली मला घरासकट दिसते.

नोकरीचं तेवढं जमत नव्हतं. प्रत्येक मुलाखत छान सुरू व्हायची. माझी सात वर्षं, परीक्षेतले मार्क, सगळ्यावर माना डोलायच्या. मग कुणीतरी अगदी सहज विचारायचं, "इकडे कशा काय आलात?" नवऱ्याच्या नोकरीमुळे, मी म्हणायची. कुठे आहेत ते? कॅम्पात. की समोरचा माणूस पेनाला टोपण लावायचा. कॅम्पातली माणसं दोनतीन वर्षांत हलतात, हे सगळ्यांना माहीत. कुणी वाईट बोललं नाही. सगळे "कळवतो" म्हणाले. टोपण लावायचा आवाज मला ओळखू यायला लागला होता. अशी पाच दुकानं झाली.

कॅम्पात दर बुधवारी बायकांचा मॉर्निंग टी असायचा. तिथे एक सार्जंटची बायको यायची. नऊ बदल्या झालेली, आमच्यातली सगळ्यात अनुभवी. विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर म्हणतात ना, ते या बाईकडे पाहून समजावं. माझी रडकथा ऐकून तिने विचारलं, "अर्जावर पत्ता कुठला लिहितेस?" म्हटलं, इथलाच. सगळ्याजणी हसल्या. "पहिलं ते थांबव. गावात कुणाचं तरी घर शोध आणि त्यांचा पत्ता लिही. नवरा इंजिनिअर आहे म्हण, खोटं थोडंच आहे ते? आम्ही सगळ्या तेच करतो."

"मी नाही करत," माझी शेजारीण म्हणाली.

ही आमच्या समोरच्या घरात राहायची. माओरी, नॉर्थलंडची, उंच, बोलायला फटकळ. तिच्याकडे फार्मसी टेक्निशियनचं, म्हणजे फार्मासिस्टच्या हाताखाली औषधं काढून देण्याचं, सर्टिफिकेट होतं आणि ती कॅम्पच्या कँटीनमध्ये भांडी घासत होती. "मी इथे राहते," ती म्हणाली. "घ्यायचं तर घ्या, नाहीतर नका घेऊ." सार्जंटच्या बायकोने तिच्या पाठीवर थोपटलं आणि आणखी एक स्कोन तिच्या ताटलीत ठेवला.

मी मात्र सार्जंटच्या बायकोचं ऐकलं.

क्राइस्टचर्चच्या कडेला हॉर्नबी नावाच्या उपनगरात आमच्या ओळखीच्या एक ताई राहत. मिरजेच्या, हॉस्पिटलात नर्स. त्यांना विचारलं तर म्हणाल्या, "अगं, लिही की! पत्ता काय झिजतोय होय?" पंधरा दिवसांत हॉर्नबीतल्याच एका फार्मसीत हाताखालच्या मदतनिसाची जागा निघाली. मालक साठीच्या पुढचे, एकट्याने दुकान चालवणारे. अर्जावरचा पत्ता पाहून खूश झाले. "म्हणजे चालत येशील!" म्हणाले. मी मान डोलावली. राहत होते गाडीने पंधरा मिनिटांवर.

नोकरी लागल्याचं सगळ्यात आधी शेजारणीला सांगितलं. कुठलं दुकान, असं तिने विचारलं. मी सांगितलं. "चांगलं दुकान आहे," ती म्हणाली आणि दोरीवरचे कपडे काढायला लागली. त्यानंतर काही दिवस ती दिसलीच नाही. मला वाटलं, कँटीनमध्ये काम वाढलं असेल.

शाळा तीनला सुटायची आणि माझं काम साडेपाचला. पहिल्या काही आठवड्यांत फार धावपळ झाली, आज ही मैत्रीण, उद्या ती. एक दिवस सगळंच चुकलं आणि मुलगी अर्धा तास शाळेच्या फाटकाशी उभी राहिली. तिला शेजारीण घरी घेऊन आली. दुसऱ्या दिवसापासून तिनेच रोज आणायला सुरुवात केली. पैसे घ्यायला तयार नव्हती, म्हणून मी डबा द्यायचे. साबुदाण्याच्या खिचडीवर ती फिदा होती. पुरणपोळी तिला कधीच आवडली नाही आणि ते ती दर वेळी तोंडावर सांगायची.

आणि दुकान! त्या दुकानाचं किती सांगू. दारावरची घंटा, काउंटरवरची आल्याच्या बिस्किटांची बरणी, मालकांचं प्रत्येक गिऱ्हाइकाला "किया ओरा" असा माओरी नमस्कार करून त्यांच्या कुत्र्याची चौकशी करणं. भारत हरला की दुसऱ्या दिवशी ते मला काही न बोलता फक्त एक बिस्किट द्यायचे. सोमवार सकाळ म्हाताऱ्या माणसांची आठवड्याची औषधं भरण्याची. लांबट पुठ्ठ्यावर सात वार, चार वेळा, अठ्ठावीस खाने, प्रत्येकात त्या त्या वेळच्या गोळ्या. एकाने भरायच्या, दुसऱ्याने तपासून सही करायची. माझं तपासताना मालक प्रत्येक खाना बोटाने दाखवत मोठ्याने वाचायचे. मला आधी अपमान वाटला. मग एकदा त्यांच्या भरण्यात मला एक गोळी जास्त सापडली. त्यांनी दुकानात उभ्या असलेल्या दोन आज्जींना बोलावून सांगितलं, "हिने आज मला पकडलं!" त्या दिवशी मी गाडीत गाणी म्हणत घरी गेले.

तीन महिन्यांनी मी हिय्या करून देखरेखीच्या वर्षाचं विचारलं. "तू कधी विचारतेस याचीच वाट बघत होतो," म्हणाले. त्याच आठवड्यात त्यांनी कागद भरले. पुढचं वर्षभर दर गुरुवारी दुकान बंद झाल्यावर तासभर ते मला शिकवत राहिले. या वयात, फुकट.

एक खोटं झाकायला दहा खोटी लागतात, ते मात्र खरं. एका जूनमध्ये माझी गाडी तपासणीला दिली होती आणि सकाळी नवऱ्याने सोडलं होतं. संध्याकाळी दक्षिणेचा तो गार वारा आणि तिरपा पाऊस. मालक म्हणाले, "चल, घरी सोडतो, वाटेवरच आहे." नाही कसं म्हणणार? ताईंच्या दारात गाडी थांबली. ताईंची ड्यूटी होती, घराला कुलूप. मी पर्समध्ये किल्ली शोधण्याचं नाटक करते आहे आणि हा सज्जन माणूस मी आत जाईपर्यंत गाडी सुरू ठेवून थांबलाय! शेवटी हात हलवून मी बाजूच्या फाटकातून मागच्या अंगणात गेले, जणू आम्ही मागल्या दारानेच जातो. ते गेल्यावरही पुढे यायचा धीर होईना. ताई आल्या तेव्हा मी त्यांच्या कपड्यांच्या दोरीखाली एका उलट्या बादलीवर कुडकुडत बसले होते.

"अगं बये, चोर आलाय वाटून मी पोलिसांना फोन लावणार होते!" म्हणत त्यांनी मला आत ओढलं आणि पिठलं टाकलं. आम्ही दोघी डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसलो. दुसऱ्या दिवशी त्यांनी मला एक जादा किल्ली करून आणून दिली. तेव्हा ती फक्त मजा वाटली. आता ती बादली आठवली की लाज वाटते.

माझं वर्ष पूर्ण झालं. नाव नोंदलं गेलं. मालकांनी दारावर कागद चिकटवला की आता इथे दोन फार्मासिस्ट आहेत, आणि केक आणला. केक कापताना मला बाजूला घेऊन म्हणाले, "आणखी दोनतीन वर्षांत मला थांबायचंय. दुकान तुझ्यासारख्या, इथल्याच कुणाच्या तरी हातात जावं असं वाटतं." माझ्या हातातल्या केकचा घास तसाच राहिला. त्याच क्षणी सांगायला हवं होतं. सांगितलं नाही. उलट मनातल्या मनात मांडे खाल्ले, की कदाचित बदली होणारच नाही.

आठ महिन्यांनी बदलीचा हुकूम आला. उत्तरेला, पामर्स्टन नॉर्थला. तीन आठवडे मी तो मालकांपासून लपवून ठेवला. मग एका सोमवारी खाने भरून झाल्यावर सगळं सांगून टाकलं. नवरा, कॅम्प, बदली, पत्ता, सगळं.

त्यांनी भरलेले पुठ्ठे एकावर एक रचून ठेवले. मग विचारलं, "त्या पावसात मी सोडलं ते घर?"

"मैत्रिणीचं," मी म्हटलं.

त्यांनी चष्मा काढून पुसला. रागावले असते तर बरं झालं असतं. "तुला घेतलं तेव्हा शेवटी दोन अर्ज उरले होते," ते म्हणाले. "दुसऱ्या बाईकडे टेक्निशियनचं सर्टिफिकेट होतं, नॉर्थलंडमधला अनुभव होता. मला तीच जास्त आवडली होती. पण तिने कॅम्पचा पत्ता लिहिला होता. म्हटलं, ही शिकून तयार झाली की जाईल. म्हणून इथे राहणाऱ्या तुला घेतलं."

नॉर्थलंड म्हटल्यावर दुसरी कोण हे मला विचारावं लागलं नाही.  मी लगेच म्हटलं, "ती अजून आहे इथेच. तिच्या नवऱ्याची मुदत वाढलीय. तिला घ्या. माझ्यापेक्षा चांगली आहे ती."

"किती दिवस राहील?"

या वेळी खरं सांगितलं. "दोन वर्षं. कदाचित कमी."

त्यांनी मान हलवली. "तुझ्यानंतर नाही. तुझा राग म्हणून नाही म्हणत. एकट्याचं दुकान आहे माझं. एका माणसाला तयार करायला माझं वर्ष जातं, ते दुसऱ्यांदा कुणाच्या जिवावर घालवू? निम्मा भार दुसऱ्या कुणी उचलला असता तर घेतलंही असतं. तुम्हाला इकडून तिकडे हलवतं सरकार आणि झळ मला."

हे मी अकाउंटंटच्या कागदावर जसंच्या तसं लिहिणार आहे, कारण यापेक्षा सरळ मला सांगता येत नाही. टोपण लावणारी ती सगळी माणसं काही दुष्ट नव्हती. आता मी स्वतः अर्ज वाचते आणि पत्त्याकडे माझीही नजर जाते, काय लपवायचं. करातल्या सवलतीने कुणी देवमाणूस होत नाही. पण दोन वर्षांसाठी माणूस घेणं त्या मालकांना परवडलं असतं, तर शेजारणीने खरा पत्ता लिहूनही तिला नोकरी मिळाली असती आणि मला खोटा लिहावा लागला नसता. लागला नसता असं म्हणते खरी, पण लिहिला तो मीच.

त्या संध्याकाळी मुलीला आणायला शेजारणीकडे गेले. ती जमिनीवर बसून माझ्याच घरची भांडी कागदात गुंडाळत होती. सामान बांधायला मदत म्हणून दुपारीच तिने माझी खोकी उचलून नेली होती. माझी मुलगी शेजारी बसून टेप कापून देत होती. मी उभ्या उभ्याच सांगितलं, की ती जागा तुझी होती, मला आज कळलं.

"मला पहिल्या दिवसापासून माहीत आहे," ती म्हणाली. हातातला कुकर तिने गुंडाळून खोक्यात ठेवला. "तू दुकान सांगितलंस ना, तेव्हाच. माझं नकाराचं पत्र आदल्या दिवशी आलं होतं. राग आला होता, ढीगभर. महिनाभर तुझं तोंड बघायचं नव्हतं मला. मग ही दिसली फाटकाशी." तिने माझ्या मुलीकडे मान वळवली. "तेव्हा म्हटलं, जाऊ दे. तू आज ना उद्या जाशीलच, आपण सगळ्याच जातो. तू गेलीस की पुन्हा जाऊन विचारू. आता तू जातेयस. जागा रिकामी होईल ना?"

इतक्या मोकळ्या चेहऱ्याने तिने विचारलं की मला क्षणभर खोटंच बोलावंसं वाटलं.

"मी विचारलं त्यांना. आत्ताच," मी म्हटलं. "ते कॅम्पातल्या कुणाला घेणार नाहीत."

"आधीही घेत नव्हते."

"आधी त्यांना तू आवडली होतीस. आता माझ्यामुळे नाही म्हणतात."

 उरलेली दोन पातेली तिने गुंडाळली, खोकं बंद केलं, टेप ओढून त्यावर हात दाबून फिरवला. मग माझ्या मुलीला उभं करून तिच्या जॅकेटची चेन गळ्यापर्यंत लावली, टोपी घातली आणि तिचा गालगुच्चा घेतला. खोकं माझ्या हातात दिलं. दोन वर्षं रोज ती आम्हाला रस्त्यापर्यंत सोडायला यायची. त्या दिवशी तिने दारातूनच दिवा लावला, आम्ही रस्ता ओलांडेपर्यंत थांबली, आणि माझी मुलगी मागे वळून हात हलवत होती तरी दार लावून घेतलं.